वीज अडली कोठे? : संरोधाच्या मापनाचा परिचय

उत्तर कन्नड जिल्ह्यातील जोयडा तालुका हा विस्ताराने मोठा, वस्तीने विरळ आणि घनदाट अरण्याने व्यापलेला प्रदेश होय. १९५६ पर्यंत हा भाग मुंबई राज्यात मोडत असे. तालुक्याचे पूर्वीचे नाव सुपा. काळी आणि पांढरी या नद्यांच्या संगमावर वसलेले जुने सुपा गाव आज धरणाच्या पाण्याखाली आहे. तालुक्याचे ठाणे त्यानंतर जोयड्यास आले आणि विस्थापितांपैकी अनेक कुटुंबे रामनगर येथे वसली.

गणेशगुडी येथील हे काँक्रीटचे धरण १०१ मीटर उंच असून त्याच्या पायथ्याशी प्रत्येकी ५० मेगावॅट शक्तीची दोन जनित्रे आहेत. तथापि धरणाचे खरे महत्त्व त्याने साठवून ठेवलेल्या पाण्यात आहे. तेच पाणी पुढे अंबिकानगरजवळील नागझरी वीजगृहाची सहा जनित्रे फिरविते आणि त्याहून खाली कोडसळ्ळी व कद्रा येथे पुन्हा कामास येते. कद्र्याच्या जलाशयाकाठी कैगा अणुवीज केंद्रही उभे आहे. जोयडा तालुक्यातच डिग्गीनजीक उगम पावून अवघ्या १८४ किलोमीटरांच्या प्रवासानंतर कारवारजवळ समुद्रास मिळणाऱ्या एका नदीच्या काठी विजेची एवढी साधने एकवटलेली आहेत, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

या वीजगृहांतून निघणाऱ्या पारेषण वाहिन्या डोंगर आणि जंगल ओलांडून पठारावरील शहरांकडे जातात. आषाढाच्या एखाद्या रात्री वादळाने बांबूचे बेट वाकते, ओले शेंडे तारेला भिडतात आणि वाहिनी बंद पडते. वीजगृहातील नियंत्रण कक्षात दिवा लागतो, घंटा वाजते. पण दोष कोठे आहे? पाचव्या किलोमीटरवर की पन्नासाव्या? मनोऱ्यांच्या रांगेखाली सर्वत्र गाडीवाट असतेच असे नाही. ओढे भरलेले असतात. २००७ साली घोषित झालेला आणि २०१५ पासून काळी व्याघ्र प्रकल्प या नावाने ओळखला जाणारा संरक्षित प्रदेशही याच भागात आहे. चुकीच्या खोऱ्यात पाठविलेले पथक एक संपूर्ण दिवस गमावून परतते आणि दुसऱ्या दिवशी तीच पायपीट पुन्हा करते. म्हणून दोषाचे अंतर वीजगृहात बसल्या जागी मोजता येणे ही केवळ सोयीची बाब नाही. हे मापन ज्या राशीवर आधारलेले आहे तिला शास्त्रीय परिभाषेत संरोध आणि कारागिरांच्या बोलीत इंपीडन्स असे म्हणतात. रेडिओतील बोटभर वेटोळे आणि साठ किलोमीटरांची पारेषण वाहिनी या दोहोंचा संरोध एकाच तत्त्वाने मोजला जातो.

रोध आणि संरोध

बॅटरीचा प्रवाह एकाच दिशेने वाहतो. अशा प्रवाहाला तार जो अडथळा करते तो रोध. विद्युत् दाबास प्रवाहाने भागले की रोध मिळतो आणि तो ओहममध्ये सांगतात. घरात येणारी वीज मात्र सेकंदास ५० वेळा मागेपुढे होणारी, म्हणजे प्रत्यावर्ती असते. तिच्या वाटेत रोधाखेरीज आणखी दोन प्रकारचे अडथळे येऊ शकतात.

पहिला अडथळा वेटोळ्याचा. जड जाते एकदा फिरू लागले की एकाच दिशेने फिरविण्यास फारसे श्रम पडत नाहीत. परंतु क्षणाक्षणाला त्याची दिशा उलटवावयाची म्हटले तर हात भरून येतात. तारेचे वेटोळे प्रवाहाशी असेच वागते. दिशा जितक्या झपाट्याने बदलावी तितका त्याचा अडथळा वाढतो. दुसरा अडथळा धारित्राचा, ज्याला बाजारात कॅपॅसिटर म्हणतात. त्याची तुलना लहानशा हौदाशी करता येईल. पाणी एकाच दिशेने येत राहिले तर हौद भरतो आणि ओघ थांबतो. भरणे आणि उपसणे झपाट्याने आलटूनपालटून चालले तर हौद कधीच भरत नाही आणि ओघ अखंड राहतो. म्हणून धारित्र एकदिश प्रवाहास अडविते आणि जलद बदलणाऱ्या प्रवाहास वाट देते. वेटोळे व धारित्र यांच्या या अडथळ्याला रिॲक्टन्स असे नाव आहे. रोध आणि रिॲक्टन्स मिळून संरोध होतो.

मात्र या दोहोंची बेरीज साधी नव्हे. रोधाने अडविलेली शक्ती उष्णतेच्या रूपाने निघून जाते, तर वेटोळे किंवा धारित्र ती घटकाभर साठवून परत करते. त्यामुळे दाब आणि प्रवाह यांचे चढउतार एकाच क्षणी होत नाहीत, एक दुसऱ्याच्या मागे पडतो. गणितात याचा अर्थ असा की, रोध आणि रिॲक्टन्स ही काटकोन त्रिकोणाच्या दोन बाजूंसारखी मांडावयाची आणि संरोध हा त्या त्रिकोणाचा कर्ण समजावयाचा. उदाहरणार्थ, एका वेटोळ्याच्या तारेचा रोध २० ओहम आहे आणि सेकंदास ५० आवर्तने असताना त्याचा रिॲक्टन्स ३१.४ ओहम आहे. बेरीज ५१.४ होत असली तरी संरोध ३७.२ ओहमच भरतो. हेच वेटोळे सेकंदास १,००० आवर्तनांच्या प्रवाहास लावले तर रिॲक्टन्स ६२८ ओहमांवर जातो आणि २० ओहमांचा रोध हिशेबात जवळजवळ दिसेनासा होतो. साध्या बॅटरीच्या मापकाने मोजणाऱ्यास दोन्ही वेळा २० हाच आकडा दिसेल.

कुलाब्यात जन्मलेला शास्त्रज्ञ

इंपीडन्स हा शब्द ऑलिव्हर हेविसाइड या इंग्रज अभ्यासकाने १८८६ साली रूढ केला. हेविसाइड मूळचा तारायंत्र चालक. पुढील सारे गणित त्याने स्वतःच शिकून घेतले. परंतु संरोधाचे वर सांगितलेले काटकोनी गणित अभियंत्यांच्या हाती सुलभ रूपात देण्याचे श्रेय ज्यांना जाते त्यांपैकी एक, आर्थर एडविन केनेली, याचा जन्म १७ डिसेंबर १८६१ रोजी मुंबईत कुलाबा येथे झाला होता, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणास ठाऊक नाही. त्याचे वडील मुंबई बंदरात अधिकारी होते. आईच्या निधनानंतर लहानपणीच तो विलायतेस गेला आणि चौदाव्या वर्षाच्या सुमारास शाळा सोडून ईस्टर्न टेलिग्राफ कंपनीच्या नोकरीत शिरला.

त्या काळी समुद्राच्या तळाशी घातलेली तार हे दूरच्या संदेशांचे साधन होते. मुंबई १८७० साली एडन व सुवेझमार्गे अशा तारेने इंग्लंडशी जोडली गेली होती. ही तार समुद्रतळाशी कोठे तुटली वा गळू लागली तर पाणबुडे पाठवून शोध घेणे अशक्यच. किनाऱ्यावरील टोकाशी बसून तारेचा रोध मोजावयाचा, तो नेहमीपेक्षा किती कमी भरतो ते पाहून अंतर काढावयाचे आणि जहाज नेमके त्या जागी न्यावयाचे, हा एकच मार्ग होता. केनेलीने तारा दुरुस्त करणाऱ्या जहाजांवर हे काम केले आणि १८८७ साली समुद्री तारांतील दोषांच्या रोधाविषयी निबंध लिहिला. त्याच वर्षी तो अमेरिकेत एडिसनच्या प्रयोगशाळेत दाखल झाला. १८९३ साली त्याने अमेरिकन विद्युत् अभियंत्यांच्या संस्थेपुढे 'इंपीडन्स' या शीर्षकाचा निबंध मांडला आणि प्रत्यावर्ती प्रवाहाचा हिशेब दोन अंगी संख्यांनी किती सोपा होतो हे दाखविले. पुढे १९०२ पासून तो हार्वर्ड विद्यापीठात प्राध्यापक होता. समुद्रतळाच्या तारेवर तो जे करीत होता तेच काम आज अरण्यातील वाहिन्यांवर चालते.

टेबलावरील मापन

लहान घटकाचा संरोध मोजण्याची जुनी आणि अद्यापि विश्वसनीय पद्धत म्हणजे सेतू. क्रिस्टी या इंग्रज शास्त्रज्ञाने १८३३ साली सुचविलेली आणि १८४३ नंतर व्हीटस्टनच्या नावाने प्रसिद्ध झालेली ही रचना तराजूसारखी आहे. चार भुजांपैकी एकीत अज्ञात घटक आणि इतरांत ज्ञात घटक ठेवावयाचे. मधल्या मापकातील प्रवाह शून्य झाला की दोन्ही पारडी समतोल झाली. रोधासाठी एकच समतोल पुरतो. संरोधासाठी मात्र आकार आणि कोन असे दोन्ही जुळवावे लागतात. वेटोळ्यांसाठी मॅक्सवेलचा आणि उच्च दाबाच्या धारित्रांसाठी शेरिंगचा सेतू याच घराण्यातील होत. हल्ली हातात मावणारे अंकदर्शी मापक हेच काम करते आणि सेकंदास १०० पासून १ लाखापर्यंत आवर्तनांपैकी हवी ती संख्या निवडण्याची सोय त्यात असते.

ही निवड फार महत्त्वाची आहे. नियंत्रण यंत्रणेच्या वीजपुरवठ्यात १० मायक्रोफॅरडचे विद्राव भरलेले धारित्र आहे असे समजावे. काही वर्षांच्या उष्णतेने आतील विद्राव सुकतो आणि धारित्राचा अंतर्गत रोध १ ओहमावरून १० ओहमांवर जातो. सेकंदास ५० आवर्तनांवर मोजल्यास नव्याचा संरोध ३१८.३ आणि जुन्याचा ३१८.५ ओहम भरेल. हा फरक कोणाच्याच नजरेस येणार नाही. तोच घटक १ लाख आवर्तनांवर मोजला तर धारित्राचा स्वतःचा अडथळा ०.१६ ओहम एवढाच उरतो; नव्याचा संरोध सुमारे १ आणि जुन्याचा १० ओहम दिसतो. निकामी धारित्र 'ठीक' म्हणून परत बसविले जाते ते बहुधा पहिल्या प्रकारच्या मोजणीमुळे.

आणखी काही पथ्ये पाळावी लागतात. धारित्रातील साठलेला भार आधी काढून टाकावा. अन्यथा मापक तर जळतेच, हातासही झटका बसतो. घटक पाटीवर जोडलेला असताना मोजू नये, कारण शेजारचे घटकही मापनात सामील होतात. निदान त्याचे एक टोक तरी मोकळे करावे. अगदी लहान संरोधासाठी चार तारा वापराव्यात, दोन प्रवाह नेण्यासाठी आणि दोन दाब मोजण्यासाठी, म्हणजे जोडतारांचा स्वतःचा रोध हिशेबात येत नाही. लोखंडी गाभ्याच्या वेटोळ्याचे माप प्रवाहाबरोबर बदलते, हेही लक्षात ठेवावे.

साठ किलोमीटरांचा घटक

आता पारेषण वाहिनीकडे वळावयास हरकत नाही. उदाहरणासाठी ६० किलोमीटर लांबीची २२० किलोव्होल्टची वाहिनी घ्यावी आणि तिच्या प्रत्येक किलोमीटरचा रोध ०.०७ व रिॲक्टन्स ०.४ ओहम धरावा. प्रत्यक्षातील आकडे याच्या आसपास असतात. चाळिसाव्या किलोमीटरवर तारा एकमेकींना भिडल्या तर वीजगृहातून दिसणारा रोध २.८ आणि रिॲक्टन्स १६ ओहम, म्हणजेच संरोध १६.२४ ओहम होतो. त्या क्षणी २,००० अँपिअर प्रवाह वाहत असेल तर वीजगृहाच्या टोकाशी सुमारे ३२,५०० व्होल्ट दाब मिळेल. दाबास प्रवाहाने भागावे, आलेल्या उत्तरास एका किलोमीटरच्या संरोधाने भागावे, अंतर हाती येते.

हा भागाकार करणाऱ्या साधनास अंतर रिले म्हणतात. १९२० च्या दशकातील पहिल्या रिलेंपैकी काहींत खरोखरच तराजूसारखी दांडी असे. एका बाजूस दाबाचे वेटोळे तिला ओढून धरी, दुसऱ्या बाजूस प्रवाहाचे वेटोळे ओढी आणि प्रवाह वरचढ ठरला की दांडी कलून वाहिनी तोडली जाई. पुढे ट्रान्झिस्टरवरील रिले आले. आता गणकयंत्रासारखे अंकीय रिले हा भागाकार करून किलोमीटरचा आकडा पडद्यावर लिहितात. मापनात चूक राहणारच हे गृहीत धरून वाहिनीच्या पहिल्या ८० टक्के भागासाठी रिले तत्काळ कृती करतो. त्यापलीकडील दोषास तो सुमारे तीन ते पाच दशांश सेकंद थांबून तोडतो. वरील उदाहरणात तत्काळ कृतीची मर्यादा ४८ किलोमीटर होईल.

आता तारा एकमेकींना भिडल्या नसून ओला बांबू मधे आला आहे असे समजावे. बांबूचा रोध १० ओहम धरला तर एकूण रोध १२.८ ओहम होतो. रिॲक्टन्स १६ च राहतो. संरोध २०.४९ ओहम भरतो आणि केवळ त्यावरून अंतर काढल्यास साडेपन्नास किलोमीटर येते. दोष चाळिसाव्या किलोमीटरवर असताना पथक साडेदहा किलोमीटर पुढे धाडले जाईल, शिवाय रिलेही दोष आपल्या तत्काळ मर्यादेबाहेरचा समजून थबकेल. उलट रिॲक्टन्स वेगळा काढला तर १६ भागिले ०.४, म्हणजे बरोबर ४० किलोमीटर मिळतात. बांबू, माती, खडक हे सर्व रोधात भर घालतात. तारेची लांबी मात्र रिॲक्टन्समध्ये जशीच्या तशी लिहिलेली असते. केनेलीच्या काटकोनी त्रिकोणाचा उपयोग येथे पूर्णपणे दिसून येतो. दोन्ही टोकांकडून वीज येत असेल किंवा प्रवाह जमिनीतून परतत असेल तर आणखी दुरुस्त्या कराव्या लागतात. त्यांचा तपशील येथे नको.

मनोऱ्याच्या पायाशी असलेला जमिनीचा रोधही या हिशेबात येतो. सह्याद्रीतील जांभ्यात आणि खडकात उन्हाळ्यात तो पुष्कळ वाढतो आणि वळवाच्या विजा नेमक्या तेव्हाच पडतात. म्हणून जमिनीचा रोध पावसाळ्यात मोजून समाधान मानणे योग्य नव्हे. कोरड्या दिवसांतील आकडा नोंदवहीत हवा.

मापन करणाऱ्याचे मापन

रिले २२० किलोव्होल्टचा दाब थेट पाहू शकत नाही. त्यासाठी उपकेंद्राच्या आवारात चिनी मातीच्या उंच नळकांड्यात धारित्रांची उतरंड उभी केलेली असते आणि तिच्या तळाशी मिळणारा अंश रोहित्रामार्फत रिलेकडे नेला जातो. समजा, अशा उतरंडीत सारख्या १०० घटकांची रास आहे आणि खालच्या १० घटकांवरील दाब घेतला जातो, म्हणजे एकूण दाबाचा दहावा हिस्सा. काळाच्या ओघात वरच्या ९० पैकी ५ घटकांतील कागद-तेल निकामी होऊन ते आतल्या आत जोडले गेले, तर हिस्सा ९५ पैकी १० असा होतो. दाब ५.३ टक्क्यांनी अधिक दिसतो. चाळिसाव्या किलोमीटरवरचा दोष रिलेस ४२.१ किलोमीटरवर वाटतो. सपाट प्रदेशात दोन किलोमीटरांचा फरक कदाचित चालून जाईल, पण जोयड्यासारख्या मुलखात तेवढ्या अंतरात मध्ये एखादी डोंगरसोंड आणि एक भरलेला ओढा सहज असू शकतो.

बाहेरून पाहता नळकांडे तसेच चकचकीत दिसते. दोष उघडकीस येतो तो मोजणीनेच. निकामी झालेल्या पाच घटकांमुळे वरच्या राशीची धारणक्षमता सुमारे ६ टक्क्यांनी वाढलेली आढळते आणि ओलावा शिरला असेल तर साठविलेल्या शक्तीपैकी उष्णतेत वाया जाणारा अंश, ज्याला परीक्षण करणारे टॅन डेल्टा म्हणतात, चढू लागतो. वाहिनी बंद ठेवून ठराविक काळाने ही परीक्षा घ्यावी लागते आणि एका मापापेक्षा गेल्या अनेक वर्षांच्या मापांची ओळ अधिक सांगून जाते. बसविण्याच्या दिवशीचा आकडा जपून ठेवलेला नसेल तर आजच्या आकड्याशी तुलना कशाशी करावयाची?

हीच उतरंड आणखी एक काम करते. अनेक ठिकाणी उपकेंद्रे परस्परांशी वीजवाहिनीच्या तारेवरूनच संदेश-संभाषण करतात. त्यासाठी सेकंदास लाखभर आवर्तनांचा क्षीण प्रवाह तारेवर सोडतात. ४,४०० पिकोफॅरडच्या उतरंडीचा अडथळा ५० आवर्तनांस ७ लाख २३ हजार ओहम आणि लाख आवर्तनांस जेमतेम ३६२ ओहम असतो. याउलट तारेच्या मार्गात टांगलेले एक मिलिहेन्रीचे वेटोळे विजेच्या मुख्य प्रवाहास ०.३ ओहमांएवढाच अडथळा करते, पण संदेशास ६२८ ओहमांची भिंत बनून त्याला उपकेंद्रात शिरू देत नाही. वीज वेटोळ्यातून जाते आणि बोलणे धारित्रातून उतरते.

वाड्यांपर्यंतच्या तारा

येथवर सांगितलेली व्यवस्था मोठ्या वाहिन्यांची आहे. तालुक्यातील वाड्या-वस्त्यांना मिळणारी वीज ११ किलोव्होल्टच्या तारांवरून येते आणि तेथे सामान्यतः अंतर रिले नसतो. प्रवाह मर्यादेबाहेर गेला की तार तोडणारे साधे साधन असते. दोष 'आहे' एवढे ते सांगते, 'कोठे' ते सांगत नाही. धरण ज्या तालुक्यात आहे तेथील जंगलातल्या वाड्यांना पावसाळ्यात अंधारात दिवस काढावे लागतात, याचे एक कारण हेही आहे.

तेथेही संरोध मोजून अंतर काढता येईल का, असा प्रश्न साहजिकच मनात येतो. काढता येते, पण एका अडचणीसह. मोठी वाहिनी सरळ एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाते. वाड्यांची तार झाडासारखी फुटत जाते. मोजणीने दोष आठ किलोमीटरवर आहे असे निघाले तरी तेवढ्या अंतरावर तीन फाटे असू शकतात आणि तिन्हींचा संरोध सारखाच. याकरिता फाट्यांच्या तोंडाशी दोषाचा प्रवाह गेल्याची खूण देणारे दर्शक बसविण्याची पद्धत आहे. अंतर संरोधावरून आणि फाटा दर्शकावरून ठरतो. जेथे दर्शक नाहीत तेथे लाइनमन पहिल्या फाट्याचा स्विच उघडतो, उरलेली तार चालू करून पाहतो, ती टिकली तर त्या फाट्यात शिरतो, न टिकली तर पुढच्या फाट्याकडे चालू लागतो.